नाताळू कोणाचा?

पंचफुलावहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत होते. शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि काही बोलेना. एरवी हा माणूस पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं तरी तीन वर्गांना ऐकू जाईल असा ओरडणारा. तो नुसता उभा आहे हे पाहूनच मला कळलं. मी फळ्यावरचं गणित पूर्ण केलं, बाकी काढली, खाली रेघ ओढली, मुलांना म्हटलं उतरवून घ्या… आणि मग खडू हातातून सुटून पडला. आदल्या संध्याकाळी मी तिच्या खाटेशी बसून घरी आले होते. ती जाणार हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तरी माहीत असणं वेगळं आणि निरोप येणं वेगळं. त्याला आता दीड महिना झाला. या पुरवणीत लोक मोठ्या माणसांवर लिहितात. माझी वहिनी मोठी वगैरे नव्हती. खाप्याच्या विणकराच्या घरातली, चार यत्ता शिकलेली, इंदोऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत सगळं आयुष्य काढलेली बाई. पण दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती एक वाक्य बोलली. तेव्हा मी तिथं नव्हते. ते मला ती गेल्यावर पंधरा दिवसांनी कळलं, आणि तेव्हापासून मी लिहायला बसते आणि उठते आहे.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते. आई आधीच गेलेली. दादा आणि बाबा दोघंही मिलमध्ये, त्यामुळे नवी नवरी आली ती थेट चुलीपाशीच बसली. दुसऱ्याच दिवशी तिनं मला पायांत धरून केसांत कंगवा घातला आणि म्हणाली, उवा हायेत का गाव बसलं हाय वं तुह्या डोक्यात? मी रडले, चिडले, तिला चावले. तिनं सोडलं नाही. त्या दिवसापासून मी तिची झाले. ती हसरी होती, हे मुद्दाम सांगते, कारण नंतरच्या लोकांनी तिला हसताना फारसं पाहिलं नाही.

बाबांबद्दलही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या बापाचं नाव आखाडू. आषाढात जन्मले म्हणून आखाडू. त्यांच्या धाकट्या भावाचं नाव उकंडा, कारण त्याच्या आधीची तीन भावंडं गेली होती, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं. वाईट नाव असलं की मरण नाक मुरडून पुढं जातं, असा त्या काळचा हिशेब. वस्तीत फागू होते, दिवाळू होते, शनिचर होता. बाबांनी छप्पनच्या दसऱ्याला दीक्षा घेतली, घरातले देव नेऊन पाण्यात सोडले, आणि सगळ्यांत जास्त राग काढला तो नावांवर. म्हणायचे, आम्हाला माणसाचं नावसुद्धा कोणी धड मिळू दिलं नाही. महिन्याला, वाराला, उकिरड्याला बांधून टाकलं. माझ्या नातवांची नावं राजांची असतील. मिलच्या हजेरीत रोज सकाळी 'आखाडू' ऐकणाऱ्या माणसाचं ते बोलणं होतं. त्यांचा राग खरा होता आणि मला तो आजही पटतो.

वहिनीला पहिला मुलगा झाला. बाबांनी नाव काढलं प्रसेनजित. जुन्या रीती सगळ्या गेल्या होत्या, पण बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान काही गेला नव्हता. मी चौदा वर्षांची आत्या. नवा परकर नेसून पाळण्यावर वाकले आणि बाळाच्या कानात ते लांबलचक नाव सांगितलं. बाया हसल्या, म्हणाल्या, एवढंसं पोट्टं अन् केवढं नाव. आठव्या महिन्यात, पावसाळ्यात, हगवण लागून तो गेला. दोन वर्षांनी दुसरा झाला. त्याचं नाव बिंबिसार. तेही मीच सांगितलं. तो चाळीस दिवसांचा असताना झटके येऊन गेला… दुपारी बारा वाजता, वहिनीच्या मांडीवर, मी समोर बसलेली असताना. त्यानंतर एकदा मी नळावर बादली घेऊन उभी होते तर पुढच्या दोघी बोलत होत्या. एक म्हणाली, आत्याची जीभ जड दिसते. दुसरीनं मला पाहिलं आणि तिला कोपरानं ढोसलं. मी बादली न भरता घरी आले. पुढं कित्येक दिवस मी आरशासमोर उभी राहून जीभ बाहेर काढून बघायची, कुठं काळा डाग दिसतो का. डाग नव्हता. पण भीती डाग पाहून थोडीच येते… ती आली ती आलीच.

वहिनी मला कधी एका शब्दानं बोलली नाही. पण तिसऱ्या वेळी दिवस गेल्यावर, सातव्या महिन्यात, भाकरी थापता थापता तिनं मान वर न करता सांगितलं, "शकू, या बारी नाव तू नोको सांगू वं." मला लागलं. खरं सांगायचं तर लागलं त्याहून जास्त सुटल्यासारखं झालं. मी म्हटलं, नाही सांगणार, शप्पथ. मग तिनं मनातलं दुसरं सांगितलं. खाप्याहून तिच्या आजीनं सांगून पाठवलं होतं की या वेळी सूप करा. सूप म्हणजे असं: बाळ सुपात घालायचं आणि उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईच्या ओटीत द्यायचं. ती म्हणणार माझं, आई म्हणणार तुझं. मग त्या बाईनं ते आईकडे नुसतं वाढवायला ठेवायचं. म्हणजे जे या घरातली लेकरं नेतं, त्याला पत्ता लागत नाही. हे लेकरू या घरचं नाहीच. वहिनीनं दादाकरवी बाबांना विचारलं. बाबा शांतपणे म्हणाले की सुपात धान्य पाखडतात, माणूस पाखडत नाहीत, आणि माझ्या घरात हे होणार नाही. दादा बापापुढं कधी बोलला नाही, तेव्हाही बोलला नाही. वहिनी आतल्या खोलीत गेली आणि निवडलेले तांदूळ परत निवडत बसली.

बाबांनी एक मात्र चांगलं केलं. घरी बाळंतपण होऊ द्यायचं नाही, मिशनच्या दवाखान्यात न्यायचं, असं ठरवलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या. सायकलरिक्षात मी तिला धरून बसले, दादा बाजूनं सायकलवर. ख्रिस्ती वस्तीच्या सदरकडं वळलो तर घराघरावर कामट्यांचे आणि रंगीत कागदाचे तारे, आत दिवे. वहिनीनं माझं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी वाकली. वर बघ, किती छान तारे आहेत, असं मी म्हटलं. ती म्हणाली, नोको दाखवू, मले काही छान नोको दाखवू.

बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मुलगा. वहिनीला रक्त फार गेलं म्हणून तिला वेगळ्या खोलीत ठेवलं, आत कोणाला सोडत नव्हते. दादा बाबांना सांगायला गेला. मोठ्या हॉलमध्ये एका छोट्या लोखंडी पाळण्यात बाळ आणि त्याच्याजवळ स्टुलावर मी, सतरा वर्षांची, मॅट्रिकच्या वर्गातली. बाळ रडत नव्हतं. दूध तोंडाला लावलं तर ओठावरून खाली यायचं. नर्स दर तासाला येऊन बघायची, काही न बोलता जायची. मी त्याच्या छातीकडं बघत बसले होते. वर, खाली. वर, खाली. एक क्षण थांबलं की माझाही श्वास थांबायचा.

चारच्या सुमाराला गाण्याचा आवाज आला. नर्सा, शिकाऊ पोरी, सगळ्या मेणबत्त्या घेऊन ओळीनं हॉलमध्ये आल्या. त्या दवाखान्याची रीत होती की नाताळच्या दिवशी तिथं जन्मलेल्या बाळाला देखाव्यातल्या गव्हाणीजवळ ठेवायचं आणि त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची. त्या दिवशी एकच बाळ जन्मलं होतं. झेंडूची माळ लावलेली टोपली घेऊन मेट्रनबाई माझ्यापुढं आल्या. वयस्कर, नगरकडच्या, बोलणं एकदम गोड. त्यांनी विचारलं, बाळाचं नाव काय? मी म्हटलं, आमच्यात लगेच ठेवत नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, बाळ अशक्त आहे गं, नाव घेऊन प्रार्थना केली तर बरं वाटेल आम्हाला. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी बाळाला उचलून घट्ट धरलं होतं. एका शिकाऊ पोरीनं विचारलं, तुमचं का? मी म्हटलं, हो, माझं. मला म्हणायचं होतं आमच्या घरचं. पण तोंडातून आलं ते माझं.

आणि मग नाव. आजही मला त्या मिनिटाचा घाम आठवतो. नाही म्हणावं तर त्याच्यासाठी कोणी काही मागायचं राहून जाईल. राजाचं नाव सांगावं तर माझ्या जिभेवरून गेलेले दोन राजे डोळ्यांपुढं उभे. शपथ घेतलेली. बाळाचे ओठ निळे दिसत होते, की मेणबत्तीमुळं तसं वाटत होतं, कोण जाणे. मला नावच नसलेलं नाव हवं होतं. ज्याच्यावर कोणाची नजर ठरणार नाही असं. आखाडू, फागू, दिवाळू… आणि मी म्हणाले,

"नाताळू."

मागच्या पोरी फिसकन हसल्या. मेट्रनबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, मग डोळे मिटून, अगदी ओळखीच्या माणसाचं घ्यावं तसं ते नाव घेऊन प्रार्थना केली, आणि पाळण्याच्या पाटीवर खडूनं लिहून टाकलं. दवाखान्याच्या कागदावरही तेच चढलं. सहा वाजता बाळानं दूध ओढलं आणि सात वाजता असं रडलं की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. मी आता मुलांना विज्ञान शिकवते. दूध ओढण्याचा आणि नावाचा काही संबंध नाही, हे मी फळ्यावर लिहून द्यायला तयार आहे. पण त्या दिवशी मी पाटीकडं बघायलाही घाबरत होते. मी परत नाव ठेवलं होतं. तिसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी वहिनीला हॉलमध्ये आणलं. दादानं पाटी मोठ्यानं वाचली. वहिनीनं विचारलं, कोणं ठेवलं? मी खाटेच्या पायाला धरून सगळं सांगितलं, मार खायच्या तयारीनंच. तिनं फक्त एक विचारलं, त्या पोरीनं इचारलं तवा तू 'माहा' म्हणाली? मी म्हटलं, हो, चुकून आलं. वहिनीनं छताकडं पाहिलं. मग म्हणाली, "मंग ठीक हाय. तुहाच राहू दे." मला वाटलं, रागानं म्हणते आहे.

बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते बरोबरच होतं. ज्या गोष्टीतून ते रक्त आटवून बाहेर आले, तीच मी नातवाच्या कपाळी आणून ठेवली होती. सगळ्या वस्तीत कोणी आता मुलांना अशी नावं देत नव्हतं. बाराव्या दिवशी त्यांनी चार माणसं बोलावली, पाळणा बांधला, कागदावर सिद्धार्थ लिहून आणलं. वहिनी आतल्या खोलीतून बाळाला घेऊन बाहेरच येईना. कोणी म्हटलं बाळाला ताप आहे, पण ताप नव्हता. शेवटी बाबा दारापाशी जाऊन उभे राहिले. सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी ती बाई दाराआडून बोलली, "मामाजी, दोन राजे मातीत ठेवले म्या. हा गरीब राहू द्या." बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि लोकांना चहा द्यायला सांगितलं. नाव नाताळूच राहिलं.

तेव्हापासून वहिनी लोकांना सांगायला लागली की पोरगा शकूचा हाय. कोणी म्हटलं छान गुटगुटीत आहे, की ही लगेच, माहा नोहे, त्याच्या आत्याचा हाय. लोकांना वाटायचं लाडानं म्हणते, नणंदेचा मान ठेवते. मला आधी राग यायचा, मग सवय झाली. अंगारे, धुपारे, ताईत असलं तिनं काही केलं नाही, बाबांचा शब्द तिनं तेवढा पाळला. पण त्याला नवा सदरा कधी घातला नाही, आधी कोणीतरी एकदा घालून दिलेलाच घालायचा. त्याचा वाढदिवस केला नाही. पंचवीस डिसेंबर आला की सकाळपासून दाराला आतून कडी. बाहेर पोट्टे ओरडायचे, नाताळू, आज तुहा सण हाय ना बे, निघ बाहेर! आणि आत ती त्याला मांडीत दाबून बसलेली. मी एकदा केक घेऊन गेले तर तिनं तो शेजारी देऊन टाकला, वर मला म्हणाली, त्याले काहून आठवण करून देतं वं? कोणाला आठवण, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

तो पाच वर्षांचा असताना जे घडलं ते मी विसरू शकत नाही. शाळेत घालायचं म्हणून कपडे घ्यायला ती त्याला सीताबर्डीला घेऊन गेली आणि व्हरायटी चौकातल्या गर्दीत त्याचा हात सुटला. दोन तास ती वेड्यासारखी फिरली. शेवटी कोणी सांगितलं, चौकीत एक पोरगा बसवलाय. ती धावत गेली. तो बाकावर बसलेला, हातात कोणीतरी दिलेलं बिस्किट, तिला पाहून आई आई म्हणत उठला. हवालदारानं आपल्या परीनं रीतसर, मोठ्यानं विचारलं, तुमचा मुलगा का बाई? दारात माणसं जमलेली. आणि वहिनी म्हणाली, नाही, नणंदेचा हाय. हवालदार म्हणाला, मग नणंदेला आणा. तो तरी काय करणार. ती पोराला तिथंच रडत ठेवून रिक्षा करून माझ्याकडं आली. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. मी जाऊन माझा म्हणून सही केली तेव्हा तो मिळाला. वहिनी आत आलीच नाही, रस्त्यापलीकडं उभी होती. परत येताना मी तिला भर रिक्षात फैलावर घेतलं. वेड लागलं का तुला, एवढंसं लेकरू आई आई करून राहिलं आणि तू सरळ नाही म्हणतेस? तिचे दात एकमेकांवर आपटत होते. जूनचा उकाडा होता. ती एवढंच म्हणाली, "एवढ्या मोठ्यानं इचारलं त्यानं. मी कशी सांगू?" नाताळू आम्हा दोघींच्या मधे बसून तिच्या पदराचं टोक चघळत होता.

नंतर तो मोठा झाला, तसं मला वाटलं हे सगळं मागं पडलं. शाळेतल्या बाईंना तो ख्रिश्चन वाटायचा, पोरं त्याच्याकडं केक मागायची, कॉलेजात त्याला नाव बदलायचं होतं. मी म्हटलं, आईला विचार. त्यानं विचारलं की नाही माहीत नाही, पण बदललं नाही. पंखे आणि मोटरी दुरुस्त करायचं काम शिकला, सीताबर्डीतच एका दुकानात लागला, मिशा आल्या. बाबा गेले, मग दादा गेला. घरात दोघंच उरले. ती त्याच्या येण्याच्या वेळेला दारात उभी असायची आणि तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की आत निघून जायची. म्हणजे त्याला वाटावं, ही आपली कामातच होती. मी हे अनेकदा पाहिलं आणि दर वेळी तिला चिडवलं.

ती गेली. सगळं उरकलं. नाताळूनं मुलानं करायचं ते सगळं केलं, पण माझ्याकडं बघत नव्हता. मला वाटलं, दुःख आहे. पंधरा दिवस तो माझ्याकडं फिरकला नाही. मग एका रविवारी दुपारी आला, चप्पल न काढता दारातच उभा राहिला. पाणी दिलं, प्यायला नाही. म्हणाला, "आत्या, एक इचारतो, खरं सांगजो. मी कोणाचा?" मला आधी समजलंच नाही. मग त्यानं सांगितलं. आईच्या शेवटच्या आधीच्या दिवशी नर्स कागद भरत होती. तिनं त्याच्याकडं बोट करून विचारलं, अम्मा, ये लडका आपका कौन? दोन दिवस वहिनीचा आवाज धड निघत नव्हता. पाणी मागितलं तरी ओठांना कान लावावा लागायचा. पण तेव्हा ती उशीवरून मान उचलून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलली, "माह्या नणंदेचा हाय. माहं कोणी नाही."

तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला होता म्हणे, तासभर. आणि पंधरा दिवस त्यानं एकट्यानं त्याचा अर्थ लावला होता. चौकीतली सही त्याला आठवत होती. दवाखान्याच्या जुन्या कागदावर नाव सांगणार म्हणून माझं नाव होतं, ते त्यानं पेटीत पाहिलं होतं. माझं तेव्हाचं वय सतरा, लग्न झालेलं नाही… पोरगा कुठल्या कुठं जाऊन पोचला होता. त्याच्या तोंडाकडं बघून मला ते कळलं. माझी अब्रू वगैरे काही माझ्या मनात आलं नाही. मनात आलं ते हे की मी केवढी मूर्ख. बावीस वर्षं मी त्या बाईला हसले. मला वाटलं खोड आहे, वेडेपणा आहे, गेला असेल. तो गेला नव्हता. बाबांनी जे सूप होऊ दिलं नाही, ते मी दवाखान्यात एका चुकीच्या शब्दानं करून टाकलं होतं, आणि वहिनीनं ते बावीस वर्षं निभावलं. लेकरू माझं, ती नुसती वाढवणारी. एकदाही, चुकूनसुद्धा, तिनं त्याला 'माहा' म्हटलं नाही.

मी त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. दोन भावांची नावं त्याला कोणी कधी सांगितली नव्हती, तीही सांगितली. सांगताना जीभ अडखळली. सूप सांगितलं. दाराआडून बोललेलं सांगितलं. तो ऐकत होता, मधेच म्हणाला, पण आता कशाले? आता तर ती सोताच चालली होती. आता कोणाले भ्यायचं होतं तिले? मी म्हटलं, अरे, ज्याला ती आयुष्यभर भ्यायली तो त्या दिवशी तिच्या खाटेजवळ उभा होता. तिला तो दिसत होता. तू बाजूला बसलेला. आणि नर्सनं त्याच्या समोर विचारलं, हा तुझा कोण म्हणून. काय सांगणार होती ती?

बाविशीतला, मिशीवाला, ग्रीसचे डाग पडलेल्या हातांचा तो पोरगा आधी नुसता मान हलवत राहिला, आणि मग गुडघ्यांत डोकं घालून असा रडला की माझ्या धाकट्या मुलीनं अभ्यास सोडून येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. मीही रडले. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "आत्या, आता म्हटलं तर जमते का? तिचा म्हणून?" पंधरा वर्षं मी शाळेत मुलांना सांगते आहे की जगात भिण्यासारखं काही नसतं, माहिती घेतली की भीती जाते. माझ्या तोंडून लगेच हो आलं नाही, हे मी इथं कबूल करते. पाच-सहा क्षण गेले. मग म्हटलं, जमते. आता तूच म्हण, मीही म्हणते.

आणि मी म्हणते. वहिनीची ती सवय आता माझ्याकडं आली आहे, फक्त उलटी होऊन. मागच्या आठवड्यात सीताबर्डीला गेले होते. नाताळूनं मला दुकानाबाहेर सोडलं, पिशवी हातात दिली. ओळखीच्या एक बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी कौतुकानं विचारलं, तुमचा मुलगा का हो? मी म्हटलं, नाही, माझ्या वहिनीचा. पंचफुलाचा. जरा मोठ्यानंच म्हटलं, रस्त्यावर, चार लोकांना ऐकू जाईल असं. त्यानं स्कूटरला किक मारली आणि गर्दीत शिरला. बाई काहीतरी बोलत होत्या, मी हो हो म्हणत होते, आणि त्याची स्कूटर चौकातून पलीकडं सुखरूप वळेपर्यंत मी तिथून हलले नाही.